थांबत थांबत चालणारा माणूस: पायातल्या रक्तदाबाची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी मजकूर बोलला तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की दवाखान्याचा? पण थोडं थांबा. आजची गोष्ट थांबण्याचीच आहे.

आमच्या राजोडीच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला येणारी माणसं ठरलेली असतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं, आणि त्यामागे वाड्या. त्यात आमचे एक शेजारी, मी त्यांना काका म्हणतो. वय साठीच्या पुढे, जन्मभर वाडीत राबलेले. केळी, भाजी, फुलं, सगळं केलेलं. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की काका चालता चालता मध्येच थांबतात. सुरूच्या झाडाला हात टेकवतात आणि समुद्राकडे बघत राहतात. दोन-तीन मिनिटं झाली की पुन्हा चालायला लागतात. थोडं अंतर गेलं की पुन्हा थांबणं, पुन्हा समुद्र.

मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "काका, जन्म गेला इथं, अजून समुद्र बघून पोट भरत नाही का तुमचं?" ते हसले आणि म्हणाले, "अरे, समुद्र कोण बघतो? पोटरी धरते. थांबलो की सोडते."

काका दवाखान्यात गेले होते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, ठीक निघाला. पाय बघितले, सूज नाही. मग वय झालंय, कंबरेतली नस दबली असेल, असं ठरलं. गोळ्या झाल्या, शेक झाला, कंबरपट्टा झाला. वर्ष असंच गेलं. आणि खरं सांगायचं तर मलाही मनातून वाटायचं की काका आता थोडे आळशी झालेत. हे मी आज कबूल करतो, कारण पुढची सगळी गोष्ट ऐकल्यावर मला त्याची लाज वाटली.

शेवटी मुंबईत रक्तवाहिन्यांच्या एका डॉक्टरबाईंकडे त्यांना नेलं. मी बरोबर होतो. बाईंनी काकांना झोपवलं, दोन्ही दंडांचा दाब घेतला आणि मग तोच पट्टा चक्क घोट्याच्या वर बांधला. दंडात १३०, घोट्यात १२४. मी म्हटलं, हे तर ठीकच आहे. बाई म्हणाल्या, "आता चालायचं." काकांना चालत्या पट्ट्यावर चढवलं. चौथ्या मिनिटाला पोटरी धरली. लगेच झोपवून पुन्हा मोजलं. दंडात १६०, आणि घोट्यात ७०.

वर्षभर जे कोणाला सापडलं नव्हतं, ते चार मिनिटांत सापडलं. त्या दिवशी घरी परतताना गाडीत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. माणसाला आधी दमवायचं आणि मग त्याच्या पायातला रक्तदाब मोजायचा, हे पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल? तर आजचा भाग त्या प्रश्नाचा माग काढणारा.

सुरुवात करू १७३३ पासून. आपल्या वसईच्या हिशेबानं बघा, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तो १७३९ साली. त्याच्या सहा वर्षं आधी इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाच्या एका पाद्र्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. हा टेडिंग्टन गावचा धर्मगुरू, आणि झाडांत रस कसा चढतो, प्राण्यांत रक्त कसं फिरतं, यावर प्रयोग करणारा. त्यानं एका घोडीला आडवं बांधलं, तिच्या मागच्या पायाच्या मोठ्या धमनीत पितळेची नळी घातली आणि तिला काचेची लांब नळी उभी जोडली. नळीत रक्त चढलं ते हृदयाच्या पातळीच्या वर ८ फूट ३ इंच. आजच्या पाऱ्याच्या मापात साधारण १९० मिलिमीटर. प्रयोग क्रूर होता, घोडी वाचली नाही. पण रक्ताला दाब असतो आणि तो मोजता येतो, हे जगाला पहिल्यांदा दिसलं.

आता यातली गंमत बघा. आज रक्तदाब म्हटलं की आपण शर्टाची बाही वर करतो. पण जगातला पहिला मोजलेला रक्तदाब दंडातला नव्हता. तो पायातला होता.

पुढची गोष्टही घोड्याचीच आहे. १८३१ साली फ्रान्समध्ये बुले नावाच्या पशुवैद्यानं एका घोडीचं वर्णन लिहून ठेवलं. ही गाडीला जुंपायची घोडी. उभी असली की अगदी धडधाकट. पळवली की थोड्या वेळात मागचे पाय लंगडायला लागायचे. विश्रांती दिली की पुन्हा ठीक, पुन्हा पळवली की पुन्हा लंगडी. ती मेल्यावर बघितलं तर मागच्या पायांच्या मोठ्या धमन्या बंद झालेल्या होत्या. लॅटिनमध्ये लंगडण्याला 'क्लॉडिकारे' म्हणतात, त्यावरून या लक्षणाला फ्रेंचमध्ये जे नाव पडलं तेच आज डॉक्टरांच्या तोंडी आहे: इंटरमिटंट क्लॉडिकेशन. म्हणजे मधूनमधून येणारं लंगडेपण.

१८५८ साली पॅरिसच्या शार्को या डॉक्टरनं हेच लक्षण एका माणसात ओळखलं. हा माणूस जुना सैनिक होता, वर्षांपूर्वी त्याला गोळी लागलेली. ओटीपोटातून पायाकडे जाणारी त्याची एका बाजूची धमनी पूर्ण बंद झाली होती. बसला की काही नाही, चालला की पाय दुखून थांबायचा. शार्कोनं ही घोड्यांची माहिती वाचलेली होती आणि त्यानं दोन्हीची सांगड घातली. म्हणजे बघा, माणसाच्या पायाचा हा आजार डॉक्टरांना शिकवला तो गाडीच्या घोड्यानं.

जर्मन भाषेत या आजाराला एक घरगुती नाव आहे, त्याचा अर्थ होतो 'दुकानाच्या काचेचा आजार'. माणूस रस्त्यानं चालताना दुखायला लागलं की दुकानाच्या काचेसमोर उभा राहतो, आतल्या वस्तू बघतोय असं दाखवतो. दुखतंय हे कोणाला कळू नये म्हणून. मी हे वाचलं आणि मला काका आठवले. राजोडीच्या किनाऱ्यावर दुकानाच्या काचा कुठून येणार? तिथं समुद्र आहे.

बरं, लक्षण कळलं, कारण कळलं. मग मोजायला इतका वेळ का लागला? कारण मोजण्याचं साधन दंडावर जाऊन बसलं. १८९६ साली इटलीत तुरीनच्या रिव्हा-रोची यांनी दंडाभोवती फुगणारा रबरी पट्टा आणि पाऱ्याची नळी असं यंत्र मांडलं. आता काच रक्तात घालायची गरज राहिली नाही. मग १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये कोरोत्कोव्ह या तरुण शल्यचिकित्सकानं सांगितलं की पट्ट्याच्या खाली स्टेथोस्कोप ठेवा आणि आवाज ऐका. ठकठक सुरू झाली तो वरचा दाब, आवाज गेला तो खालचा. त्याचा तो अहवाल पानभरही नव्हता, पण आजही डॉक्टर त्याच पद्धतीनं ऐकतात.

हा कोरोत्कोव्ह मुळात रक्तदाबाच्या मागे नव्हता. रशिया-जपान युद्धातल्या जखमी सैनिकांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या त्याच्यासमोर होत्या. मुख्य धमनी बांधली तर आजूबाजूच्या लहान वाहिन्या पायाला पुरेसं रक्त देतील का, पाय वाचेल का, हा त्याचा प्रश्न होता. धमन्यांवर कान ठेवता ठेवता त्याला ते आवाज सापडले. प्रश्न हातापायांचा होता, उत्तर मात्र सगळ्या जगानं दंडापुरतं वापरलं. दंड हृदयाच्या पातळीला असतो, सोपा असतो, बाही सरकवली की काम झालं.

घोट्याला स्टेथोस्कोप लावला तर ते आवाज नीट ऐकूच येत नाहीत. आणि ज्याची धमनी अरुंद झाली आहे त्याच्या घोट्यात तर नाडीसुद्धा हाताला लागत नाही. तिथं वेगळा कान हवा होता.

तो कान आला डॉप्लरकडून. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग इथं आपला सिद्धान्त मांडला. तुम्हाला तो माहीत आहे, फक्त नाव माहीत नसेल. नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभे राहा. न थांबणारी लांब पल्ल्याची गाडी हॉर्न वाजवत येते. जवळ येताना आवाज बारीक, तीव्र. पुढे गेली की एकदम जाडा, उतरलेला. हलणाऱ्या वस्तूकडून येणाऱ्या लहरी बदलतात. आता गाडीच्या जागी रक्तातल्या पेशी घ्या आणि हॉर्नच्या जागी आपल्याला ऐकू न येणारा सूक्ष्म ध्वनी. तो पायात सोडायचा, हलत्या रक्तावरून परत आला की त्यातला फरक ऐकायचा. १९५० च्या दशकात जपानमध्ये ओसाकाला सातोमुरा यांनी यावर काम केलं. १९६० च्या दशकात अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉक्टर आणि अभियंत्यांनी मिळून हे यंत्र रुग्णांसाठी वापरात आणलं. त्यातलं मोठं नाव म्हणजे यूजीन स्ट्रँडनेस.

त्याच्याआधी १९५० साली अमेरिकेतच ट्रॅव्हिस विन्सर यांनी हातापायांत वेगवेगळ्या जागी दाब मोजून तुलना केली होती. पुढे १९६९ च्या आसपास लंडनमध्ये जेम्स याओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉप्लरनं घोट्याचा दाब मोजून तो दंडाच्या दाबाशी ताडून बघितला. हिशेब अगदी साधा आहे. घोट्याचा वरचा दाब भागिले दंडाचा वरचा दाब. माणूस आडवा असायला हवा, कारण उभं राहिलं की हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या उंचीचा दाब त्यात मिसळतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं, तसं. आडव्या निरोगी माणसाच्या घोट्यात दंडाइतका किंवा थोडा जास्तच दाब असतो. म्हणजे गुणोत्तर १ ते १.४०. ०.९० किंवा कमी आलं तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं धरतात. मधलं ०.९१ ते ०.९९ म्हणजे काठावर. आमच्या काकांचं झोपलेलं गुणोत्तर किती? १२४ भागिले १३०, म्हणजे ०.९५. काठावर! आणि चालून आल्यावर ७० भागिले १६०, म्हणजे जवळपास ०.४४.

असं का होतं? हे मला समजलं ते वाडीच्या पाइपवरून. पंपापासून लांबच्या टोकाला पाइप गेलेला आहे आणि मध्ये कुठेतरी आत गाळ बसलाय. टोकाला एकच नळ थोडासा उघडा असेल तर पाणी बऱ्यापैकी जोरात येतं, गाळ आहे हे कळतही नाही. आता टोकाचे चार नळ एकदम उघडा. पाण्याची मागणी वाढली, पण गाळाच्या जागेतून तेवढं पाणी सरकत नाही, आणि टोकाचा जोर एकदम बसतो. पायाचंही तसंच. झोपलेल्या माणसाच्या पोटरीला रक्त थोडंच लागतं. चालायला लागला की स्नायूंतल्या बारीक वाहिन्या उघडतात, मागणी कितीतरी पटीनं वाढते. धमनी अरुंद असेल तर जितकं जास्त रक्त त्यातून जायला बघतं, तितका दाब तिथंच खर्च होतो आणि घोट्यापर्यंत उरत नाही. म्हणजे आजार असतो, पण विश्रांतीत लपून बसतो. मेहनतीत उघडा पडतो.

कॅनडात विनिपेगचे डॉक्टर कार्टर यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. ज्यांचा आजार सौम्य किंवा संशयास्पद आहे, अशा लोकांत व्यायामानंतर घोट्याचा दाब कसा वागतो, हे त्यांनी १९७२ साली मांडलं. स्ट्रँडनेस यांनी १९६४ पासूनच चालून दुखणाऱ्या पायावर व्यायामाचा काय परिणाम होतो ते तपासलं होतं. आज साधारण रीत अशी आहे: चालत्या पट्ट्यावर ताशी ३.२ किलोमीटर वेग, १० ते १२ टक्के चढ, जास्तीत जास्त पाच मिनिटं किंवा दुखून थांबेपर्यंत. मग लगेच, पहिल्या मिनिटातच आडवं करून मोजायचं. प्रत्यक्ष चालता चालता मोजणं जमत नाही, कारण पाय हलला की पट्टा आणि डॉप्लर दोन्ही बिघडतात. घोट्याचा दाब ३० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरला, किंवा गुणोत्तर २० टक्क्यांपेक्षा जास्त घटलं, तर अडथळा आहे. निरोगी पायात थोडा फरक पडला तरी एक-दोन मिनिटांत जागेवर येतो. आजारी पायाला वेळ लागतो, आणि किती वेळ लागतो यावरूनही आजार किती आहे ते कळतं.

चालत्या पट्ट्याचीही एक गोष्ट आहे. १८१८ साली विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्यानं तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायानं फिरवायचं चाक बनवलं. शिक्षा म्हणून तासन्‌तास पायऱ्या चढायच्या, पोचायचं कुठंच नाही. त्याच कुळातलं यंत्र पुढे दवाखान्यात आलं. आणि ज्यांच्याकडे पट्टा नाही त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे: भिंतीला हात टेकवून टाचा उचलायच्या आणि खाली ठेवायच्या, पन्नास वेळा, आणि मग दाब मोजायचा. मला ही पद्धत फार आवडली, कारण ती तालुक्याच्या साध्या दवाखान्यातही होऊ शकते.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात या आजाराचा एक वेगळा चेहरा आहे, तो विडीचा. १९०८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्गर यांनी तरुण माणसांच्या हातापायांच्या बारीक धमन्या बंद पडण्याच्या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. त्याला आज बर्गरचा आजार म्हणतात, आणि त्याचं तंबाखूशी नातं इतकं घट्ट आहे की तंबाखू सुटल्याशिवाय तो आटोक्यात येत नाही. अमेरिकेत तो आता कमी दिसतो. आपल्याकडे मात्र वॉर्डांत वर्षानुवर्षं असे रुग्ण दिसत आले: चाळिशीच्या आतला कष्टकरी माणूस, आधी तळपाय दुखतो, मग बोटाला जखम, मग बोट काळं. सिन्नरला, सोलापुरात, विदर्भात विडीवर हजारो घरं चालली, हे आपण जाणतो. तेंदूची पानं गोळा करणाऱ्यांपासून विड्या वळणाऱ्या बायांपर्यंत. त्या विडीनं कोणाचं पोट भरलं आणि कोणाचा पाय नेला, हा हिशेब एकाच वहीत लिहायला हवा.

दुसरा चेहरा मधुमेहाचा. चेन्नईत झालेल्या एका पाहणीत, २००० साली ती प्रसिद्ध झाली, हेच घोटा-दंड गुणोत्तर वापरलं होतं. पायाच्या धमन्यांचा आजार मधुमेह असलेल्यांत ६.३ टक्के आणि नसलेल्यांत २.७ टक्के निघाला. मधुमेहात आणखी एक फसवणूक होते. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती कडक होते, पट्ट्यानं दाबलीच जात नाही, आणि गुणोत्तर १.४० च्या वर जातं. आकडा मोठा म्हणून माणूस खूश, आणि आत पाय उपाशी. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. शिवाय नसा बधिर झाल्या असतील तर दुखतही नाही, म्हणजे थांबायची खूणही मिळत नाही.

आणि उपचार? इथं इतिहास मला सगळ्यात जास्त चकित करून गेला. ज्या गोष्टीनं दुखतं, तीच गोष्ट औषध आहे. १९६६ साली कोपनहेगनच्या लार्सन आणि लासेन यांनी दाखवलं की रोज नेमानं चालणाऱ्या रुग्णांचं न दुखता चालायचं अंतर वाढतं. १९८८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरनं सगळा उपचार अवघ्या पाच शब्दांत मांडला. त्याचा मथितार्थ एवढाच: धूम्रपान सोडा आणि चालत राहा. पुढे फुगे, जाळ्या, शस्त्रक्रिया, औषधं सगळं आलं, आणि ज्याला गरज आहे त्याला ते लागतंच. पण पहिली पायरी आजही हीच आहे.

काकांची विडी सुटायला सहा महिने लागले. दोनदा परत धरली, तिसऱ्यांदा सुटली. गोळ्या चालू आहेत, कारण पायाच्या धमन्या अरुंद म्हणजे हृदयाच्याही असू शकतात, हे बाईंनी बजावून सांगितलं होतं. आणि ते चालतात. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं, असं त्यांना शिकवलंय. सुरुवातीला मी झाडं मोजायचो: तेरा झाडांनंतर थांबायचे. गेल्या महिन्यात आम्ही कळंबच्या दिशेनं निघालो होतो, तेव्हा एकतीस झाडं झाली.

आता मीही त्यांच्याबरोबर थांबतो. चेष्टा करत नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात कोणी चालताना ठरावीक अंतरावर थांबत असेल आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत बरं वाटत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. कंबर तपासा, जरूर तपासा, पण डॉक्टरांना एवढं विचारा: घोट्याचा दाब मोजलात का, आणि चालवून मोजलात का? मी डॉक्टर नाही, मी फक्त जुन्या गोष्टी वाचून सांगणारा माणूस आहे. पण हा एक प्रश्न विचारायला आम्हाला वर्ष लागलं, तुम्हाला लागू नये.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत चालत राहा.